पाकिटावरचं ‘कॅसिलिया’ आणि नाण्यावरचे हत्ती

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मामांच्या संग्रहातून चांदीचं एक रोमन नाणं हाती आलं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेल्या स्त्रीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला दोन हत्ती जोडलेला रथ आणि खाली लॅटिन अक्षरांत ‘सी मेटेलस’. कागदी पाकिटावर मामांनी ‘कॅसिलिया १४, घराण्याचं नाणं’ एवढंच लिहिलं आहे. तर रोममध्ये मोठ्या घराण्यांना स्वतःची नाणी पाडायचा हक्क होता का? हत्तींचा काय संबंध? आणि नाणं खरं कशावरून?

हक्काचं आधी सांगतो, कारण ते नीट कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. तसा हक्क कोणत्याही घराण्याला नव्हता. चांदी राज्याची, टांकसाळ राज्याची, किती नाणी पाडायची हे ठरवणार सिनेट. आपल्याकडे पेशवाईत टांकसाळी सोनारांना, सावकारांना मक्त्याने दिल्या जात, त्यामुळे ‘घराण्याचं नाणं’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तसंच काहीतरी येतं. रोममध्ये मक्ता नव्हता. तिथे टांकसाळीवर तीन तरुण अधिकारी नेमले जात. त्यांच्या हुद्द्याचं लांबलचक नाव नाण्यांवर तीन ‘ए’ आणि दोन ‘एफ’ असं आखडून येतं. अर्थ असा: तांबं, चांदी, सोनं ओतून त्याची नाणी पाडणारे. ही पोरं बहुधा तिशीच्या आतली, मोठ्या घरातली, राजकारणाच्या पहिल्या पायरीवर उभी असलेली. नाण्यावर आपलं नाव घालायची मुभा त्यांना होती, आणि हळूहळू चित्र निवडायचीही मिळाली. घराण्याचा शिरकाव झाला तो एवढ्याच फटीतून.

पैसा कोणाचा हे सांगणारं एक नाणंच आहे. इ.स.पू. १०० च्या सुमाराला पिसो आणि कॅपिओ या दोन खजिना-अधिकाऱ्यांनी ते काढलं. मागच्या बाजूला दोघे बाकावर शेजारी शेजारी बसलेत, दोन्हीकडे धान्याची कणसं, आणि खालचा मजकूर म्हणतो: धान्यखरेदीसाठी, सिनेटच्या ठरावानुसार. खर्चाचं कारणच नाण्यावर कोरलेलं.

मग मामांनी ‘घराण्याचं’ का लिहिलं? त्यांची चूक नाही, ती संग्राहकांची जुनी रीत आहे. १५७७ मध्ये फुल्व्हिओ ओर्सिनी या इटालियन पंडिताने ही नाणी रोमन घराण्यांप्रमाणे लावून छापली. पुढे १८८५-८६ मध्ये अर्नेस्ट बाबलों या फ्रेंच अभ्यासकाने त्याच वळणावर मोठी सूची केली: घराणी अक्षरानुक्रमे आणि प्रत्येकात नाण्यांना क्रमांक. ‘कॅसिलिया १४’ हा त्या सूचीतला पत्ता, म्हणजे कॅसिलियस कुळातलं चौदावं. आज अभ्यासक वापरतात ते मायकेल क्रॉफर्ड यांचे १९७४ चे क्रमांक, जे कालक्रमाने लावलेले आहेत. त्यात तुमचं नाणं २६९/१, साल इ.स.पू. १२५. पाकिटावर दोन्ही क्रमांक लिहून ठेवा. पहिल्याने कुळ सापडतं, दुसऱ्याने त्या वर्षीचे शेजारी.

आता नाणं भिंगाखाली घ्या. या जातीला डिनॅरियस म्हणतात. ती सुरू झाली इ.स.पू. २११ च्या सुमाराला, आफ्रिकेतल्या कार्थेज या शत्रुराज्याचा सेनापती हॅनिबल इटलीत ठाण मांडून बसला असताना. सुरुवातीला एक डिनॅरियस म्हणजे ‘अस’ नावाची तांब्याची दहा नाणी, म्हणून चेहऱ्यामागे रोमन दहाचा आकडा, म्हणजे साधी फुली. पुढे इ.स.पू. १४१ च्या आसपास भाव दहाचा सोळा झाला. तुमच्या नाण्यावर शिरस्त्राणवाल्या स्त्रीच्या, म्हणजे रोम शहराची देवी रोमा हिच्या, हनुवटीखाली जी चांदणीसारखी खूण दिसते ती चांदणी नाही. फुलीला मधून आडवी रेघ मारलेली आहे, आणि ती सोळाच्या भावाची खूण आहे.

नंतर अक्षरं. ‘सी’ म्हणजे गायस. जुन्या लॅटिनमध्ये ‘ग’साठी वेगळं अक्षर नव्हतं, ते पुढे आलं, पण गायस नावाचा आखूड रूपातला ‘सी’ तसाच राहिला. रोमन माणसाचं नाव साधारण तीन भागांचं: स्वतःचं नाव, कुळाचं नाव, आणि कुळातल्या शाखेचं उपनाव. स्वतःची नावं इतकी मोजकी होती की एका अक्षराने भागायचं. या माणसाचं पूर्ण नाव गायस कॅसिलियस मेटेलस. कुळाचं नाव, ‘कॅसिलियस’, नाण्यावर नाहीच. ‘मेटेलस’ म्हटल्यावर रोममध्ये आणखी सांगायची गरज नव्हती. आपल्याकडे एखाद्या गावात नुसतं ‘देशमुखांचा धाकटा’ म्हटलं की पुरतं, तसं. पुढे त्याला ‘काप्रारियस’ असंही म्हणू लागले. त्या शब्दात लॅटिनमधली शेळी आहे. इ.स.पू. ११३ मध्ये तो कॉन्सल झाला, म्हणजे रोमच्या सर्वोच्च पदावर पोचला. तुमच्या हातातलं नाणं त्याच्या बारा वर्षं आधीचं, उमेदवारीच्या काळातलं.

आणि आता हत्ती. इ.स.पू. २५५ मध्ये आफ्रिकेत कार्थेजच्या हत्तींनी रोमन फौज तुडवून काढली होती. त्यानंतर काही वर्षं रोमन शिपाई सिसिलीत हत्ती दिसले की डोंगर सोडून खाली मैदानात उतरायला धजत नसत, असं ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो. ही भीती मोडली ती लुसियस कॅसिलियस मेटेलसने, इ.स.पू. २५० मध्ये, पॅनॉर्मस म्हणजे आजच्या पालेर्मोच्या तटाखाली. त्याने खंदकाआडून हलक्या फौजेकडून हत्तींवर भाल्यांचा मारा करवला. जखमी हत्ती बिथरून उलटे फिरले आणि आपल्याच सैन्यात घुसले. शंभराहून जास्त हत्ती पकडले गेले आणि विजययात्रेसाठी समुद्रापार रोमला नेण्यात आले. ज्या शहराने इतके हत्ती एका जागी कधी पाहिले नव्हते त्या शहरात ‘मेटेलस’ आणि ‘हत्ती’ हे दोन शब्द त्या दिवसापासून जोडले गेले.

तुमच्या नाण्यावरच्या रथात रोमनांचा देवराज जुपिटर उभा आहे, हातात वज्र, आणि वरून उडत येणारी विजयदेवता त्याच्यासाठी हार घेऊन येते आहे. रथाला एरवी घोडे असायचे. घोड्यांच्या जागी हत्ती, एवढाच बदल. त्या काळच्या रोमन माणसाला तेवढा पुरे होता. नीट पाहा, हत्तींच्या सोंडा एकमेकींपासून वेगळ्या दिसतात का? झिजलेल्या नाण्यात पहिल्यांदा त्याच पुसतात.

मेटेलस घराण्यातलं मला सर्वांत आवडणारं नाणं मात्र याच्या भावाचं आहे. मार्कस मेटेलसने दोन वर्षं आधी, इ.स.पू. १२७ मध्ये ते काढलं. मागच्या बाजूला मॅसिडोनियाची गोल ढाल, भोवती पानांचा हार, आणि ढालीच्या अगदी मधोमध हत्तीचं डोकं. ढाल त्यांच्या वडिलांची, कारण वडिलांनी इ.स.पू. १४८ मध्ये मॅसिडोनिया जिंकला आणि ‘मॅसिडोनिकस’ हे बिरुद मिळवलं. हत्ती पॅनॉर्मसवाल्या पूर्वजाचा. तुमच्या नखापेक्षा थोड्याशाच मोठ्या चकतीवर शंभर वर्षांच्या अंतरातले दोन पराक्रम एकमेकांत बसवले आहेत, आणि गर्दी कुठे वाटत नाही. पुढे इ.स.पू. ८१ मध्ये मेटेलस पायसने हत्ती काढला, आणि इ.स.पू. ४७-४६ मध्ये आफ्रिकेत सीझरशी लढताना मेटेलस स्किपिओनेही. हा स्किपिओ दत्तक म्हणून मेटेलस घरात आलेला. दत्तक मुलाने घराण्याचं चिन्ह इतक्या आवर्जून मिरवावं हे आपल्या लोकांना समजावून सांगायला नको.

अशी चिन्हं शेकड्याने आहेत. काही नुसती नावावरची कोटी असतात. लुसियस लुक्रेशियस ट्रिओने इ.स.पू. ७६ च्या सुमाराला चंद्रकोर आणि सात तारे काढले, कारण लॅटिनमध्ये सप्तर्षींना ‘सेप्टेम ट्रिओनेस’ म्हणत. पोम्पोनियस म्युझाने नऊच्या नऊ म्युझा, म्हणजे कलादेवता, वेगवेगळ्या नाण्यांवर आणल्या. फ्युरियस क्रासिपेसच्या उपनावाचा अर्थ ‘जाड पायाचा’, तर त्याच्या नाण्यावर चेहऱ्यामागे एक पाऊल आहे. ही नाणी नवशिक्याने आधी शिकावीत, एकदा ऐकली की विसरत नाहीत.

काही चिन्हं कायद्यांची आहेत. इ.स.पू. १३७ मध्ये कॅसियस घराण्यातल्या एकाने खटल्यांत गुप्त मतदान आणणारा कायदा केला. पुढे इ.स.पू. साठच्या दशकात त्याच घराण्यातल्या लुसियस कॅसियस लाँजिनसने नाण्यावर एक मतदार दाखवला, पेटीत मतपाटी टाकणारा. पाटीवर ‘व्ही’ हे अक्षर स्पष्ट वाचता येतं, म्हणजे ‘तुम्ही मांडलंत तसं होवो’, होकार. मतदानाची दृश्यं दाखवणारी प्राचीन नाणी जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि ती याच मालिकेत आहेत.

काही दावे मात्र तपासून घ्यावे लागतात. मॅमिलियस घराणं रोमजवळच्या टस्क्युलम गावचं. ते गाव ग्रीक महाकाव्यातला वीर ओडिसियस याच्या मुलाने वसवलं अशी कथा होती, म्हणून मॅमिलियस लोक स्वतःला ओडिसियसचे वंशज म्हणवत. गायस मॅमिलियस लिमेटॅनसच्या इ.स.पू. ८२ च्या नाण्यावर वीस वर्षांनी घरी परतलेला ओडिसियस आहे. अंगावर भटक्याचा वेष, हातात काठी, दुसरा हात पुढे केलेला, आणि समोर मान वर करून पाहणारा म्हातारा कुत्रा आर्गोस, ज्याने मालकाला सर्वांआधी ओळखलं. नाण्याची कड करवतीसारखी दातेरी आहे. हे दृश्य मी किती वेळा पाहिलं असेल याची गणती नाही, तरी दर वेळी त्या पुढे केलेल्या हातापाशी थांबतो. वंशावळ खरी असो नसो, कोरणाऱ्याने जीव ओतला आहे. अशा वंशावळींबद्दल रोमन लोकांनाही शंका होतीच. अंत्यविधीच्या स्तुतिपर भाषणांनी खोटे विजय आणि खोटी नाती इतिहासात घुसवली, अशी तक्रार रोमन वक्ता सिसेरोने स्पष्ट शब्दांत केली आहे. म्हणून नाण्यावरून पूर्वज सिद्ध होत नाही. घराण्याला लोकांसमोर कोण म्हणून उभं राहायचं होतं, ते मात्र त्यातून नक्की कळतं.

हे किती गंभीर होऊ शकतं त्याचं उदाहरण ब्रूटस. सीझरला मारणारा मार्कस ब्रूटस इ.स.पू. ५४ मध्ये टांकसाळीवर होता. त्याच्या एका नाण्यावर पुढे स्वातंत्र्यदेवता ‘लिबर्टास’ आणि मागे सेवकांच्या मधून चालणारा लुसियस ब्रूटस, म्हणजे शेवटच्या राजाला हाकलून देणारा पहिला कॉन्सल. दुसऱ्या नाण्यावर एका बाजूला तोच पूर्वज, दुसऱ्या बाजूला सर्व्हिलियस अहाला, जो मार्कसच्या आईकडचा पूर्वज. राजा होऊ पाहतो अशा संशयावरून अहालाने एकाला ठार मारलं होतं. त्या वर्षी रोममध्ये सेनापती पाँपे हुकूमशहा होणार अशी कुजबुज चालू होती. ती दोन नाणी शेजारी ठेवा आणि तारीख पाहा. टांकसाळीतल्या एका तरुण अधिकाऱ्याने शहराच्या प्रत्येक थैलीत एक इशारा टाकला होता. ब्रूटसच्या शत्रूंनी तर विचारलं की त्या पहिल्या ब्रूटसने स्वतःच्या दोन्ही मुलांना देहदंड दिला होता, मग हा वंशज आला कुठून? त्यावर उत्तर दिलं गेलं की तिसरा मुलगा तान्हा होता, तो वाचला. हा वाद ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने नोंदवून ठेवला आहे.

दहा वर्षांनी, इ.स.पू. ४४ च्या सुरुवातीला, सिनेटने सीझरचा चेहरा नाण्यावर आणू दिला. रोमच्या टांकसाळीत जिवंत रोमन माणसाचा चेहरा त्याआधी आला नव्हता. पूर्वज चालत होते, स्वतः नाही. मार्च महिन्यात सीझर मारला गेला. नंतर ब्रूटसने आपल्या फौजेसाठी नाणं पाडलं त्यावर दोन खंजीर, मध्ये गुलामाला मुक्त करताना घालायची टोपी, आणि खाली ‘एइड मार’, म्हणजे पंधरा मार्च. पुढच्या बाजूला ब्रूटसचा स्वतःचा चेहरा. सीझरवर ज्या गोष्टीचा राग होता तीच. या नाण्याची सोन्यातली एक प्रत २०२० मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ४२ लाख डॉलरला गेली. पुढे तिच्या मालकीची कागदपत्रं खोटी निघाली आणि २०२३ मध्ये ती ग्रीसला परत करावी लागली.

पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात टांकसाळीच्या अधिकाऱ्यांची नावं काही वर्षं पुन्हा दिसतात, पण इ.स.पू. १२ च्या आसपास चांदीवरून ती गेली. नंतर जो दिसतो तो सम्राट आणि त्याचं कुटुंब.

एक गोष्ट विचारलेली नाही, पण सांगायला हवी. हे नाणं भारतात जमिनीत सापडलेलं असेल का? शक्यता कमी. आपल्याकडे सापडणारी रोमन चांदी मुख्यतः दक्षिणेतली, कोइमतूरच्या बाजूची, आणि ती बहुतांश ऑगस्टस आणि टायबेरियसची. प्रजासत्ताकाच्या, म्हणजे सम्राटांच्या आधीच्या काळातली नाणी तुरळक. आता पाकिस्तानात असलेल्या माणिक्याला इथल्या एका स्तूपात १८३० च्या दशकात अशी काही झिजलेली नाणी मिळाली होती. ‘दीनार’ हा शब्द संस्कृतात आला तो डिनॅरियसवरूनच, पण आपल्याकडे तो सोन्याच्या नाण्याला चिकटला. तुमच्या मामांनी हे बहुधा विकत घेतलं असावं. पावती, पत्र, जुना फोटो, जे सापडेल ते नाण्यासोबत ठेवा. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू आपल्या १९७२ च्या कायद्यानुसार पुरावशेष ठरते, खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी लिलावाचा विचार कोणी सुचवला तर हे लक्षात असू द्या.

आता खरं-खोटं. सोनाराच्या साध्या काट्यावर नको, मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा. त्या काळचा डिनॅरियस साधारण ३.९ ग्रॅमचा. झिजलेला असेल तर ३.७ पर्यंतही ठीक. व्यास १७ ते २० मिलिमीटर, आणि गोलाई कधीच पक्की नसते, कारण तापलेली चकती दोन ठशांमध्ये धरून हातोडीने ठोकलेली असते. चित्र एका बाजूला सरकलेलं असलं तर घाबरू नका. कडेला आतल्या दिशेने जाणाऱ्या बारीक चिरा असतील तर उलट बरं लक्षण. घाबरायचं ते कडेभोवती फिरणारी एकसारखी रेघ दिसली तर, अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ वाटल्या तर, किंवा सपाट जागेत सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले तर. ते ओतीव नाण्याचं काम.

पृष्ठभागावर कुठे बारीक अर्धचंद्र किंवा ठिपका ठोकलेला दिसला तर तो दोष समजू नका. आपल्याकडच्या जुन्या रुपयांवर सराफांच्या खुणा असतात, तशाच या. आत तांबं तर नाही ना, हे पाहण्यासाठी रोमन सराफ नाण्याला टोच मारत. त्यांना तशी शंका यायला कारण होतं. सुरुवातीच्या वर्षांत मी एका विक्रेत्याकडून इ.स.पू. ८९ चं, फितुरीपायी ढालींखाली गाडल्या जाणाऱ्या, दंतकथेतल्या टार्पियाचं नाणं घेतलं. चेहरा सुंदर, अक्षरं करकरीत. घरी तोललं तर जेमतेम ३.१ ग्रॅम. भिंगातून कडेला पाहिलं तर चांदीचा पापुद्रा एका जागी उचललेला आणि त्याखाली तांबूस, हिरवट गाभा. नाणं प्राचीनच होतं, पण प्राचीन काळातलंच बनावट, तांब्यावर चांदीचा पत्रा चढवून ठोकलेलं. मी ते परत केलं नाही. शिकायला येणाऱ्यांच्या हातात आधी तेच देतो, डोळे मिटून वजन जाणवतं का ते पाहायला.

तुमच्या नाण्याचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो दिवसाच्या उजेडात काढा, वजन लिहा, आणि माहितगाराला प्रत्यक्ष दाखवा. नुसत्या फोटोवरून कोणी छातीठोक ‘अस्सल’ म्हणालं तर त्यावर थांबू नका. आणि तोवर ते घासू नका. चिंच नाही, लिंबू नाही, रांगोळी नाही, देवाची भांडी लखलखीत करणारी पावडर तर नाहीच. सोंडांमधल्या खोबणीत जो काळसर थर बसला आहे, त्याच्यामुळेच ते हत्ती आज दिसताहेत.